जळगाव–पुणे विमान: अंतर नेमकं किती आणि प्रवासाला खरा वेळ किती?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आई भडगावला असते. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं फार वाढलंय. पुण्यात दाखवायचं ठरलंय, पुढे कदाचित शस्त्रक्रियाही होईल. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये तिला नऊ-दहा तास काढता येणार नाहीत, आणि स्लीपर गाडीच्या त्या अरुंद पायऱ्या चढणं तर आता शक्यच नाही. म्हणून जळगावहून पुण्याच्या विमानाचा विचार चाललाय.

नेटवर बघायला गेले तर आकड्यांचा गोंधळ. एका ठिकाणी अंतर ३२० दिलंय, दुसरीकडे १९८, तिसरीकडे १७२, आणि आणखी एका ठिकाणी ३२९. मॅपवर रस्ता बघितला तर ३९५ च्या आसपास. वेळेचंही तसंच. कुठे २४ मिनिटं, कुठे ५४ मिनिटं, आणि तिकिटाच्या पानावर तासाच्या वर. यातलं खरं काय धरायचं? सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा प्रवास झेपेल का? ज्यांनी केलाय त्यांनी नीट सांगा.

नकाशावेडा

ताई, अंतराचे तुम्ही दिलेले सगळेच आकडे बरोबर आहेत, फक्त मोजमाप वेगळं आहे.

जळगाव विमानतळ ते लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हे हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर, सुमारे ३२० किलोमीटर. तेच मैलांत १९८ आणि नॉटिकल मैलांत १७२. विमानवाले नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. काही साइटी आकडा देतात आणि एकक लिहीतच नाहीत, तिथे माणूस फसतो.

३२९ हा आकडा शहरापासून शहरापर्यंतचा आहे. जळगावचा विमानतळ गावाच्या आग्नेयेला, कुसुंब्याजवळ अजिंठा रोडवर आहे, म्हणजे पुण्याच्या बाजूला थोडा सरकलेला. उलट लोहगाव पुण्याच्या ईशान्येला, म्हणजे आपल्या बाजूला. त्यामुळे विमानतळ ते विमानतळ मोजलं की आठ-नऊ किलोमीटर कमी भरतात.

जळगाव ते लोहगाव नकाशावर सरळ रेघ ओढून बघा, मजा येते. रेघ पाचोऱ्याला जवळजवळ चिकटून जाते, मग गौताळ्याचे डोंगर, कन्नड, पुढे वैजापूरची बाजू, गोदावरी ओलांडून श्रीरामपूर, राहुरीचं मुळा धरण डाव्या हाताला ठेवून पारनेरच्या पश्चिमेकडून लोहगाव. चाळीसगाव उजवीकडे राहतं. अर्थात विमान याच रेघेवरून जातं असं नाही. त्यांचे हवाई मार्ग ठरलेले असतात, उतरताना धावपट्टीच्या दिशेला वळून यावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर या ३२० पेक्षा थोडं जास्तच असतं.

ॲप्रनवरचा

वेळेचं मी सांगतो. काही वर्षं विमानतळावर ग्राउंड हँडलिंगचं काम केलंय, दुसऱ्या राज्यात, पण पद्धत सगळीकडे तीच.

२४ मिनिटं हा आकडा काढणाऱ्याने ३२० किलोमीटरला ताशी ८०० ने भागलंय. तो मोठ्या जेट विमानाचा वेग झाला, आणि तोसुद्धा विमान धावपट्टीवरून उठल्या क्षणापासून त्याच वेगात आहे असं धरून. ५४ मिनिटांवाल्याने त्या २४ मध्ये सरसकट अर्धा तास मिळवलाय. दोन्ही आकडे संगणकाने काढलेले आहेत, कुठल्या विमानतळावर कुठलं विमान येतं हे त्याला ठाऊक नसतं.

जळगावला येतं एटीआर ७२, पंख्याचं विमान. वर गेल्यावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेग. पण चढताना आणि उतरताना तो बराच कमी असतो, आणि सव्वातीनशे किलोमीटरच्या प्रवासात चढण्या-उतरण्यातच अर्धाअधिक वेळ जातो. सरासरी ४०० धरा. म्हणजे हवेत साधारण ५० मिनिटं.

आता तिकिटावरची वेळ. ती हवेतली नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून ते पुण्यात जागेवर थांबेपर्यंतची असते. जळगावात विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, मग उड्डाण. पुण्यात उतरल्यावर पार्किंगपर्यंत जायला वेळ. शिवाय लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच, आणि हवाई वाहतूक नियंत्रणही हवाई दलाकडे. गर्दीच्या वेळी विमानाला वर थांबवून धरतात. कंपनी हे सगळं गृहीत धरून वेळ छापते, म्हणून तासाच्या वर. ती वेळ खरी माना. कधी पाच-दहा मिनिटं आधीही पोहोचाल.

केळीबाग_रावेर

सगळं ठीक. पण ताई, घर ते घर हिशेब करा. रावेरहून विमानतळ सत्तर किलोमीटरच्या घरात. तिथे दीड तास आधी पोहोचायचं. पुण्यात उतरून बॅग घेऊन बाहेर पडायचं. लोहगावहून चिंचवड-निगडीला जायला संध्याकाळी तास-सव्वा तास कुठे गेला नाही. आमची निम्मी भावकी पिंपरी-चिंचवडला कंपन्यांत आहे, सगळे अजूनही ट्रॅव्हल्सनेच येतात. रात्री बसलं, सकाळी उतरलं. कामाचा दिवस वाया जात नाही.

सातपुड्याची_लेक

केळीबाग भाऊ, धडधाकट माणसाचं वेगळं. ताईंनी गुडघ्याचं लिहिलंय. रात्री दोन वाजता ढाब्यावर गाडी थांबते तेव्हा म्हातारं माणूस उतरून लघवीला जाणार कसं? माझ्या सासूबाई त्या भीतीने आदल्या दुपारपासून पाणी प्यायच्या बंद व्हायच्या. हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं आहे, कुणी बोलत नाही एवढंच. तासभराच्या प्रवासात तो प्रश्न सुटतो, माझ्या मते हेच सगळ्यांत मोठं कारण आहे विमानाने नेण्याचं.

नकाशावेडा

सातपुड्याची लेक यांच्याशी पूर्ण सहमत. तरी केळीबाग भाऊंचा घर-ते-घर मुद्दा भडगावला जास्त लागू पडतो, म्हणून हिशेब मांडतो.

जळगाव शहरातल्या माणसाला विमानतळ वीस-पंचवीस मिनिटांवर. त्याचा प्रवास साडेतीन ते चार तासांत उरकतो, रस्त्याने त्यालाच सिल्लोड, संभाजीनगर, नगरमार्गे आठ तास लागतात. म्हणजे निम्मा वेळ वाचला.

भडगावहून गणित बदलतं. पुणे नैऋत्येला, आणि आई आधी पाचोरामार्गे साठेक किलोमीटर उलट्या दिशेला जळगावकडे येणार. दीड तास तो, सव्वा तास विमानतळावर, तासाच्या वर विमानात, पुण्यात अर्धा तास विमानतळावर आणि पुढे तासभर गाडीत. साडेपाच तास होतात. उलट भडगावहून चाळीसगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, नगर असं मोटारीने थेट गेलं तर सात तास. म्हणजे वाचतो फक्त दीड तास.

तरीही मी विमानच सुचवेन, कारण इथे एकूण तासांपेक्षा एका जागी गुडघे दुमडून किती वेळ बसायचं हे महत्त्वाचं. विमानाच्या वाटेत बसणं तुकड्या-तुकड्यांत होतं, मध्ये पाय मोकळे करता येतात.

धुळेकर_पांझरा

धुळ्याच्या लोकांसाठी एक भर. आम्हाला जळगाव विमानतळ शंभरेक किलोमीटर, नाशिकचं ओझर एकशेचाळीसच्या आसपास. ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची, एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची. तिथे मोठी जेट विमानं उतरतात आणि दिल्ली-बंगळूरसारख्या लांबच्या प्रवासाला आमची माणसं तिकडेच जातात. पण पुण्याला जायला आम्ही विमानाच्या फंदात पडत नाही. धुळ्याहून आधी पूर्वेला जळगाव आणि मग वरून परत, यात काही राम नाही.

आमच्या गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथे वैमानिक प्रशिक्षण चालतं, प्रवासी विमान नाही. नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ, तापी लाइनच्या गाडीने बसलं की झालं. खानदेश म्हणून एकच विमानतळ मोजून चालत नाही, तीन जिल्ह्यांची तोंडं तीन दिशांना आहेत.

लेवा_भुसावळ

जळगाव–ओझर हवाई अंतर किती भरेल? आणि जळगाव–संभाजीनगर?

नकाशावेडा

ओझर सुमारे २०० किमी, संभाजीनगरचं चिकलठाणा सुमारे १२५. एवढ्या जवळ विमान परवडत नाही. वर चढून स्थिरावेपर्यंत खाली यायची वेळ होते, इंधन मात्र चढण्यातच सर्वाधिक जातं.

जळगावहून बाकीची अंतरं पण देऊन ठेवतो, कुणाला तरी लागतील: मुंबई ३५५, अहमदाबाद ३९०, हैदराबाद ५१०, गोव्याचं मोपा ६१०. सगळी ढोबळ, किलोमीटरमध्ये. आणि नागपूर? तेही ३५५. मुंबई आणि नागपूर जळगावपासून हवेतून सारख्याच अंतरावर आहेत. रेल्वेनेही तसंच, सीएसएमटी ते जळगाव ४२० आणि जळगाव ते नागपूर ४१७. मुंबई–नागपूर लोहमार्गाचा मध्य आपल्या जळगावात पडतो, ही गोष्ट मला फार आवडते.

मेहरूण_तलाव

धाग्याच्या निमित्ताने विमानतळाचाही थोडा इतिहास नोंदवतो, कारण वेळेचं गणित त्याच्याशी जोडलेलं आहे. धावपट्टी १९७३ ची, सार्वजनिक बांधकाम विभागाने केलेली. आजचं रूप आलं ते २०१२ ला. मार्चमध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी उद्घाटन केलं, आपल्याच जिल्ह्यातल्या. पण नियमित विमान सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. लहान शहरं विमानाने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेत एअर डेक्कनचं मुंबई–जळगाव, अठरा-एकोणीस आसनांचं छोटं बीचक्राफ्ट. ते फार टिकलं नाही. २०१९ ला ट्रूजेटचं एटीआर आलं, २०२२ ला ती कंपनीच थांबली. मग २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे सुरू केलं.

हे एवढ्यासाठी लिहिलं की आपल्याकडे विमान आलं, गेलं, पुन्हा आलं असं झालंय. कोणत्या वारी आहे आणि किती वाजता आहे हे जुन्या बातमीवरून धरू नका. विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्या सुमाराचं तिकीट असेल तर पुन्हा पुन्हा बघा. डॉक्टरची वेळ आधी घेऊन मग विमान शोधू नका. विमानाचा वार आधी बघा, मग डॉक्टरची वेळ मागा.

ॲप्रनवरचा

धावपट्टीवरून आठवलं. जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची. एटीआरला ती पुरते, एअरबस किंवा बोइंगला पूर्ण भाराने पुरत नाही. म्हणून जेट येत नाही, आणि म्हणून जेटच्या वेगाने काढलेला २४ मिनिटांचा तो आकडा जळगावसाठी कधी खरा ठरत नाही.

त्यात आपला उन्हाळा. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. त्याच वजनाच्या विमानाला उठायला जास्त धावावं लागतं. ४५ अंशांच्या दुपारी कंपनीला कधी कधी वजन कमी करावं लागतं. एप्रिल-मे असेल तर सकाळचं विमान मिळतंय का बघा. दुपारी खालच्या थरात हवा उसळत असते, विमान हलतं, पहिल्यांदा बसणारं माणूस घाबरतं.

गिरणाकाठ

तुम्हा सगळ्यांची मी खरंच ऋणी आहे. आता प्रत्यक्ष चढण्या-उतरण्याचं कुणी सांगाल का? विमानाला जिना किती उंच असतो? व्हीलचेअर मिळते का? आणि आई पापड, बिबडे, लोणच्याची बरणी घेतल्याशिवाय निघणार नाही हे नक्की.

ॲप्रनवरचा

एटीआर जमिनीला जवळ असतं. दरवाजाच खाली उघडतो आणि त्यालाच पायऱ्या असतात, पाच-सहा. जेटसारखा उंच जिना नाही. तरी गुडघे वाकतच नसतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा आणि विचारताना हे स्पष्ट विचारा: व्हीलचेअर फक्त विमानापर्यंत की विमानात चढवण्याची सोयसुद्धा? हे दोन वेगळे प्रकार आहेत. निदान ४८ तास आधी कळवलेलं बरं. दोन्ही विमानतळांवर कळवलंय ना याची खात्री करा, पुण्यात उतरल्यावर बसने टर्मिनलला जावं लागेल.

आणखी एक, जे फार लोकांना माहीत नसतं. एटीआरमध्ये प्रवाशांचा दरवाजा मागच्या बाजूला असतो. पुढची सीट मागितली तर आईला अख्खं विमान चालून पार करावं लागेल. मागच्या ओळीतली, मधल्या वाटेलगतची सीट मागा. पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे तुम्ही खिडकीत बसलात तर खालचं सगळं दिसतं. हवा स्वच्छ असेल तर उडाल्यावर थोड्याच वेळात पाचोरा, आणि उजवीकडच्या खिडकीतून गिरणेचं पात्रही दिसू शकेल.

लोणचं हातातल्या पिशवीत नको, तेल सुटलं तर तपासणीला अडवतात. बरणी नीट बांधून मोठ्या बॅगेत. पापड-बिबडे कुठेही चालतात. वजनाची मर्यादा मात्र तिकिटावर वाचा, लहान विमानात तिथे सवलत देत नाहीत.

कानबाईचा_रोट

यात एक भर घालते, कारण श्रावण आला की आमच्याकडे हा प्रश्न येतोच. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही, हातातल्या पिशवीतही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. त्यात तेल जास्त, ते पेट घेऊ शकतं म्हणून. पुण्यातल्या खानदेशी घरांतही आता कानबाई, आपली श्रावणातली देवी, बसते आणि कुणी गावाहून घराण्याचं जुनं नारळ घेऊन निघतं. ते नारळ वर्षानुवर्षांचं, आत सुकलेलं. तपासणीत अडलं तर तिथे टाकून जाता येत नाही आणि नेताही येत नाही. ज्यांच्याकडे तसं असेल त्यांनी ते नारळ आणणाऱ्या माणसाला रेल्वेनेच पाठवावं.

बागलाणी

ताई, मायले इमानमाच आना. पैशाचं काय? तिकीट किती पडतं पुण्याला?

मेहरूण_तलाव

ठाम आकडा लिहीत नाही, रोज बदलतो. उडान योजना २०१६ ला आखली तेव्हा अंतराच्या टप्प्यांवर भाड्याची कमाल मर्यादा ठेवली होती. साधारण तासाभराच्या, ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये. पण ती मर्यादा विमानातल्या ठरावीक आसनांनाच होती, सगळ्या नाही. बाकीची आसनं मागणीप्रमाणे. म्हणून एकाच विमानात शेजारच्या माणसाचं तिकीट निम्म्यात असू शकतं. लवकर काढलं तर ट्रॅव्हल्सच्या एसी स्लीपरपेक्षा फार जास्त पडत नाही, दिवाळीत तर ट्रॅव्हल्सच महाग होते.

सातपुड्याची_लेक

परतीचं काय ठरवलंय ताई? शस्त्रक्रिया झाली तर लगेच विमान नको. पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका असतो, किती दिवसांनी बसता येईल हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा आणि लेखी घ्या, कंपनी मागू शकते. सांधा बदलला तर विमानतळावरच्या तपासणीत यंत्र वाजतं. घाबरायचं कारण नाही, डॉक्टरांचा कागद जवळ असला की तपासणी सोपी होते.

लेवा_भुसावळ

आणि विमान रद्द झालं तर? पावसाळ्यात दृश्यता कमी झाली की लहान विमानतळावर हे होतं. त्याच दिवशी दुसरं विमान नसतं.

नकाशावेडा

हा प्रश्न महत्त्वाचा. डॉक्टरांची वेळ विमानाच्या दुसऱ्या दिवशीची घ्या, त्याच दिवशीची नको. आणि जळगाव–पुणे रेल्वेचं दौंडमार्गे जाणाऱ्या गाडीचं खालच्या बर्थचं तिकीट त्याच रात्रीचं काढून ठेवा. पावणेपाचशे किलोमीटर पडतं, वेळ जास्त लागतो, पण शौचालय डब्यातच असतं. विमान उडालं की रेल्वेचं रद्द करा, थोडे पैसे जातील.

गिरणाकाठ

ठरलं. सकाळचं विमान मिळतंय त्या वाराचं बघते आणि डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची मागते. आईला आदल्या दिवशी जळगावला मावशीकडे आणून ठेवणार, म्हणजे तो दीड तास त्या दिवशी नको. मागची सीट, व्हीलचेअर, रेल्वेचं जोडतिकीट, सगळं लिहून घेतलंय. आमच्या घरची कानबाई भडगावलाच असते, त्यामुळे नारळाचा प्रश्न नाही.

ॲप्रनवरचा भाऊ, एकच विचारायचं राहिलं. पुण्याहून येताना वेळ तेवढाच लागतो का? की वाऱ्याने फरक पडतो?

ॲप्रनवरचा

थोडा पडतो. आपल्याकडे वर बहुतेक काळ वारा पश्चिमेकडून असतो. जळगावहून पुण्याला जाताना तो थोडासा तोंडावर येतो, येताना पाठीशी. पण दिशा तिरपी असल्यामुळे आणि अंतर कमी असल्यामुळे फरक दोन-चार मिनिटांचाच. त्यापेक्षा जास्त वेळ लोहगावला उतरायची पाळी येण्यात जातो. येताना जळगावात ती वाट बघावी लागत नाही.